प्रोव्हान्सचं अक्रोडाचं कपाट, तागाच्या चादरी, छापील दुलई: खरं किती आणि धुवायचं कसं?

पोटमाळा

दक्षिण फ्रान्समध्ये अव्हिन्योंजवळ ल'इल-स्युर-ला-सोर्ग नावाचं जुन्या वस्तूंच्या बाजाराचं गाव आहे. तिथल्या एका दुकानात पुढच्या गोष्टी बघून ठेवल्यात. पैसे दिलेले नाहीत, शनिवारी पुन्हा जायचं आहे.

१) अक्रोडाचं दोन दारांचं कपाट, इकडे आर्मवार म्हणतात ते. उंची २४६ सेंमी, रुंदी १५२, खोली ६१. दारांच्या चौकटी वळणदार, खालच्या पट्टीवर सूप वाढायचं झाकणाचं भांडं आणि ऑलिव्हच्या डहाळ्या कोरलेल्या. पुढचे पाय गोगलगाईसारखे वळवलेले, कुलपावर लांबट लोखंडी पट्ट्या. पाठ कुठल्यातरी पांढरट हलक्या लाकडाची. चिठ्ठीवर 'आर्मवार द मार्याज, स्तील लूई पंधरावा' असं आहे, दुकानदार तोंडी १७६० सांगतो. १,८०० युरो.

२) जाड तागाच्या सहा चादरी. प्रत्येकीच्या मधोमध उभी शिवण, कोपऱ्यात लाल दोऱ्यात दोन अक्षरं आणि खाली एक आकडा. घड्यांवर पिवळे पट्टे, एकीवर गंजाचे डाग.

३) पलंगावर घालायची छापील दुलई, चॉकलेटी जमिनीवर फुलं. काही ठिकाणी फक्त चॉकलेटी भागच विरून गेलाय, आतला कापूस दिसतो. दुकानदार हिला 'बुती' म्हणतो.

कपाटाचं वय कसं तपासायचं? पाठीला आणि पायांना बारीक भोकं आहेत, ती जिवंत आहेत का? घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खोलीची उंची २५० सेंमी. आणि कापडांचं काय करायचं?

---

साळसूद_सुतार

आधी चिठ्ठी नीट वाचा. 'स्तील लूई पंधरावा' आणि 'एपोक लूई पंधरावा' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एपोक म्हणजे वस्तू त्या काळात घडली. स्तील म्हणजे त्या धाटणीची, मग ती काल का घडलेली असेना. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१चा सरकारी हुकूम आहे, त्यानुसार वस्तूच्या नावापुढे थेट शतक किंवा एपोक लिहिलं तर विक्रेता त्या काळाची हमी देतो. 'स्तील' लिहिलं तर कसलीच नाही. तेव्हा तोंडी १७६० ऐकून घ्या आणि पावतीवर तेच लिहून मागा. ग्राहकाने मागितली तर वस्तू कशाची, कुठली, किती जुनी हे लिहिलेली पावती द्यावीच लागते. माणूस लिहायला कां-कूं करू लागला की उत्तर मिळालं.

पण 'स्तील' लिहिलंय म्हणून ते बनावटच, असंही नाही. लूई पंधरावा हा राजा १७७४ साली गेला, पण प्रोव्हान्सच्या खेड्यांतले सुतार पुढच्या शतकातही तीच वळणं कापत होते. १८४०चं अस्सल हाताने घडवलेलं कपाट लूई पंधराव्याच्या धाटणीचं असू शकतं, आणि वापरायला ते १७६०च्या तोडीचंच असतं. फरक पडतो तो किमतीत. कोरलेलं सूपभांडं आर्ल आणि फुर्क या गावांकडचं खास लक्षण आहे, लांबट पॉलिशच्या लोखंडी पट्ट्याही तिकडच्याच. 'लग्नाचं कपाट' हे नाव मात्र मनावर घेऊ नका. चोची जुळवलेली कबुतरं आणि फुलांची परडी कोरलेली नॉर्मंडीची ओकची कपाटं त्या नावाने प्रसिद्ध आहेत. विक्रेते आता कोरीवकाम दिसेल त्या प्रत्येक कपाटाचं लग्न लावून देतात.

शनिवारी जाताना टॉर्च, टेप आणि जुना टूथब्रश न्या. कोरीवकाम बघू नका, ते सगळ्यात शेवटी. आधी कपाट भिंतीपासून पुढे ओढायला लावा.

पाठीच्या फळ्यांवर टॉर्च जवळजवळ समांतर धरा. हाताच्या रंध्याने सपाट केलेली फळी उथळ पन्हळींसारखी दिसते, बोट आडवं फिरवलं की लाटा लागतात. सरळ पण कमी-जास्त अंतराच्या रेषा म्हणजे हाताची करवत. एकाच केंद्राच्या गोलाईचे ठसे म्हणजे गोल पात्याची करवत, ती फळी मग एकोणिसाव्या शतकातली किंवा नंतरची. एका फळीवर ठसे असतील तर ती बदललेली असेल. सगळ्यांवर असतील तर १७६० विसरा.

मग दाराची दिली, म्हणजे चौकटीत बसवलेली फळी. लाकूड धाग्याच्या दिशेने जवळपास आकसत नाही, आडवं आकसतं. दिली खाचेत मोकळी बसवलेली असते, म्हणून दोन-अडीचशे वर्षांत ती आकसून कडेला २-३ मिमीची फिकट, पॉलिश न लागलेली पट्टी उघडी पडते. कुसू (सांध्यात खाचेत शिरणारं टोक) पक्का करायला ठोकलेल्या लाकडी खुंट्याही बघा. चौकट आकसली आणि खुंटी लांबीला तेवढीच राहिली, की खुंटीचं टोक किंचित वर येतं आणि बोटाला टोचतं. नव्या नकलेत खुंटीचं तोंड गुळगुळीत सपाट असतं, कधीकधी नुसतं चिकटवलेलं.

बिजागऱ्यांचे आणि कुलपाचे स्क्रू: टोक बोथट आणि खाच मध्यापासून सरकलेली असेल तर हातचा, १८५०च्या आधीचा. अणकुचीदार टोक साधारण त्यानंतर आलं. स्क्रू काढून बघायला दिला तर एकच काढा, दुकानदाराच्या समोर.

आता भोकं. किडा लाकडाच्या आत बोगदे करतो आणि पृष्ठभागावर फक्त बाहेर पडायचं १-२ मिमीचं गोल भोक ठेवतो. पृष्ठभागावर आडवी उघडी नाळी दिसली, तर ती फळी कीड लागल्यानंतर कापलेली आहे. जुन्या लाकडातून नवं कपाट केल्याची याहून सरळ खूण नाही. अक्रोडाच्या फिकट बाहेरच्या भागात, म्हणजे रसकाष्ठात, कीड जास्त. पाठ बहुधा पॉप्लर किंवा देवदाराच्या जातीची असेल, तिथे भोकं असणारच.

जिवंत आहे का ते कळायला भोकं ब्रशने साफ करा आणि खाली काळा कागद अंथरा. मे ते ऑगस्ट हे प्रौढ किडे बाहेर पडायचे महिने. या दिवसांत दोन-तीन आठवड्यांत पिवळसर, बोटाला रवाळ लागणारा भुसा कागदावर पडला तर कीड चालू आहे. दुकानात एवढा वेळ मिळणार नाही, म्हणून भोकाच्या कडा बघा: आत फिकट लाकूड आणि तीक्ष्ण कड म्हणजे ताजं, काळपट, मेण भरलेली कड म्हणजे जुनं. उपचार पर्मेथ्रिन या कीटकनाशकाच्या द्रावणाचा, तोही फक्त कच्च्या बाजूंना, म्हणजे पाठ, तळ आणि आतून. मेण चढलेल्या दर्शनी बाजूतून ते आत मुरतच नाही, उलट पांढरे डाग पडतात. मोठ्या भोकांत इंजेक्शनच्या सुईने. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान महिनाभर, आत कापड ठेवू नका.

---

मंजिष्ठा

मी फक्त तिसऱ्या नगाबद्दल. ही 'बुती' नाही.

बुतीत पातळ पांढऱ्या सुती कापडाचे दोनच थर असतात. आधी नक्षी टाक्यांनी बंद करायची, मग मागच्या बाजूने धागे विलगवून सुईने सुताची वात आत सरकवायची. दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि उजेडासमोर धरली की टाक्यांच्या रेघा आणि मोकळी जागा पारदर्शक होते. तुमच्या नगात मध्ये कापसाचा सलग थर आहे, म्हणजे ती टाके घातलेली दुलई, आपल्या गोधडीच्या कुळातली. बाजारात 'बुती' म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या चादरी तर बहुतेक मशीनवर शिवलेल्या असतात, त्यातल्या बऱ्याच भारतातूनच जातात. नाव चुकलं तरी माल कमी प्रतीचा ठरत नाही. उलट चॉकलेटी जमिनीच्या छापील दुलया संग्राहक शोधत असतात. त्या काळ्या-चॉकलेटी जमिनीला धुराड्यातली काजळी काढणाऱ्याच्या नावावरून 'रामोनर' म्हणतात.

छापाला फ्रेंचमध्ये 'अँदियेन' म्हणजे हिंदुस्थानी म्हणतात, कारण सुरत आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून जाणाऱ्या रंगीत कापडाची ती नक्कल होती. मार्सेयमध्ये सतराव्या शतकाच्या मध्यापासून अशी छपाई चालू होती. रेशीम-लोकरवाल्यांच्या तक्रारींमुळे १६८६ला फ्रान्सने आयात आणि छपाई दोन्हींवर बंदी घातली, ती १७५९ला उठली, आणि १७६०ला ओबेरकाम्फने व्हर्सायजवळ जुई-आं-जोझासला कारखाना काढला. तुमच्या दुकानदाराचं १७६० बहुधा इथूनच आलं असणार, सगळ्यांना तोच आकडा पाठ असतो.

वय ओळखायला भिंग न्या. लाकडी ठशाने छापलेल्या कापडात ठशाच्या कोपऱ्यांवरच्या खिळ्यांचे टाचणीएवढे ठिपके दिसतात; पुढचा ठसा कुठे टेकवायचा याची ती खूण. रंग एकमेकांवर थोडे सरकलेले असतात. पानं बघा: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हिरवा रंग एकदम छापता येत नव्हता, निळ्यावर पिवळा चढवून मिळायचा. पिवळा उन्हाने उडतो, म्हणून जुन्या छापातली पानं निळी पडतात किंवा निळ्याच्या कडेला पिवळट सावली राहते. पानं एकसारखी हिरवीगार असतील तर कापड पुढचं.

चॉकलेटी भागच का विरला? मंजिष्ठेच्या, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळीच्या, एकाच कुंडात तुरटीचा रंगबंधक लावलेला भाग लाल होतो, लोखंडाचा लावलेला काळा-जांभळा, दोन्ही मिसळून लावलेला चॉकलेटी. लोखंड कापसाच्या तंतूचं ऑक्सिडेशन वाढवतं, ओलावा आणि उजेड मिळाला की वेगाने. म्हणून त्याच दुलईतली लाल फुलं शाबूत आणि जमीन जाळी-जाळी. याला उपाय नाही, फक्त वेग कमी करता येतो. म्हणून:

ही धुवू नका. ओली झाल्यावर आतल्या कापसासह तिचं वजन इतकं वाढतं, की उचलताना विरलेला भाग स्वतःच्याच भाराने फाटतो. ड्राय क्लीनिंगलाही देऊ नका, तिथल्या ड्रमची घुसळण तेच करते. धूळ काढायची तर लाकडी चौकटीवर ताणलेली नायलॉनची जाळी कापडावर ठेवा आणि व्हॅक्युमचं तोंड कमीत कमी ओढीवर जाळीवरून उचलत-ठेवत न्या, घासत नाही. उघड्या जागांवर रंगाला जुळणारी क्रेपलीन, म्हणजे पातळ पारदर्शक रेशमी कापड, ठेवून कडेच्या पक्क्या कापडात सैल टाके घाला. गोंद, फ्युझिंगची जाळी, इस्त्रीने चिकटणारं अस्तर यातलं काहीही नको. निघत नाही आणि पुढच्या माणसाचे हात बांधतं.

आणि पलंगावर घालायची असेल तर घेऊच नका. ही गुंडाळून ठेवायची आणि महिन्यातून एकदा बघायची वस्तू आहे.

---

दुहेरी_टाका

चादरींना घाबरायचं कारण नाही, त्या जन्मभर उकळून घ्यायला केलेल्या आहेत. मधली शिवण म्हणजे हातमागाचा पन्हा अरुंद, म्हणून दोन पट्टे जोडलेले. लाल फुलीच्या टाक्यातली अक्षरं घराची किंवा नवरीची आद्याक्षरं, खालचा आकडा रुखवतातल्या चादरीचा क्रमांक किंवा डझनांचा हिशोब. सहाही चादरींवरचे आकडे बघा. ४, ५, ६, ७ असे लागोपाठ असतील तर एकाच घरचा संच, भाव जरा जास्त.

'ताग' असं तुम्ही लिहिलंय, पण इकडे जाड चादर अंबाडीसारख्या दिसणाऱ्या 'शांव्र'ची, म्हणजे हेम्पची असते, नाहीतर जवसाच्या लिननची. आपला पोत्याचा ताग वेगळाच. ओळखायला कडेचा एक धागा सोडवून त्यातला एक तंतू ओला करा आणि टोक स्वतःकडे धरून वाळू द्या: लिनन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळतं, हेम्प उलट. जाळून काही कळत नाही, दोन्ही कागदासारखे जळतात. जाळून फक्त पॉलिस्टर पकडता येतं.

धुण्याचा क्रम चुकवू नका. आधी गंज, मगच ब्लीच. लोक नेमकं उलट करतात आणि डागाच्या जागी भोक पडलं की चादर कुजलेली होती म्हणून खापर फोडतात. ब्लीच म्हणून वापरायच्या सोडियम परकार्बोनेटमधून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, गंजातलं लोखंड त्याची प्रतिक्रिया एवढी भडकवतं की त्या ठिपक्यातला तंतूच तुटतो.

गंजाला सायट्रिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्यात ३० ग्रॅम. फक्त डागाचा भाग बशीत अर्धा तास बुडवायचा, खळखळून धुवायचा, लागलं तर पुन्हा. जुनाट डागाला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, ते विषारी आहे: हातमोजे, उघडी खिडकी, स्वयंपाकघरातली भांडी नाहीत. शेवटी पाच-सहा पाण्यांतून काढा. ॲसिड आत राहून वाळलं तर लिनन ठिसूळ होतं.

मग सगळ्या चादरी बादलीत गार पाण्यात रात्रभर. पहिलं पाणी चहासारखं निघेल. पाणी बदलून पुन्हा, फिकट होईपर्यंत. त्यानंतर १० लिटर ६० अंशाच्या पाण्यात ४-५ मोठे चमचे परकार्बोनेट आणि किसलेला साधा साबण, चार-पाच तास. पाणी ४० अंशांच्या खाली असेल तर पावडर वाया जाते. लाल अक्षरांवर आधी ओला पांढरा कापूस मिनिटभर दाबून ठेवा. गुलाबी उमटला तर ती चादर परकार्बोनेटमध्ये नको, नुसता साबण. क्लोरीनचं ब्लीच कधीच नाही, पिवळे पट्टे एका दिवसात जातील आणि चादर दोन वर्षांत.

पिळू नका. सावलीत गवतावर किंवा रुंद दांडीवर पसरा, किंचित ओली असताना इस्त्री. स्टार्च लावलेली घडी वर्षभर ठेवली तर सिल्व्हरफिशला मेजवानी, म्हणून स्टार्च वापरायच्या आदल्या दिवशी. डांबराच्या गोळ्या कशाला? लोकरीची कसर लिनन खात नाही.

---

पाचर

जिन्याचं गणित आधी करा. उंची २४६ आणि खोली ६१, म्हणजे कर्ण जवळजवळ २५३.५ सेंमी. तुमची खोली २५०ची. आडवं आणून उभं करता येणार नाही, छताला अडकेल. सुटं करून न्यायचं आणि उभ्यानेच जोडायचं.

ही कपाटं सुटी होण्यासाठीच केलेली असतात. क्रम असा: आतल्या आडव्या फळ्या काढा, दारं वर उचलून बिजागरीच्या खिळीतून काढा (दोन माणसं, अक्रोडाचं दार जड असतं), मग कॉर्निस, म्हणजे माथ्याची पुढे आलेली पट्टी, पाठीच्या फळ्या, आणि शेवटी पुढची आणि मागची चौकट बाजूंपासून. सोडायच्या खुंट्या आत बोटभर बाहेर आलेल्या असतात, त्या आतून बाहेर ठोकायच्या, कारण बाहेरचं टोक जाड असतं. दोन्हीकडे सपाट असलेल्या खुंट्यांना हात लावायचा नाही, ते कायमचे सांधे आहेत. प्रत्येक खुंटीला कागदाची चिकटपट्टी आणि नंबर. खुंट्या हाताने तासलेल्या, एकीची दुसरीला बसत नाही. कॉर्निस बसवायला वर फक्त ४ सेंमी राहतात. तिच्या खालच्या खुंट्या ३ सेंमीहून लांब असतील तर ती बसणारच नाही. शनिवारी मोजा.

जोडल्यावर दार घासलं तर रंधा उचलू नका! दहातल्या नऊ वेळा फरशी तिरकी असते. दाराच्या वरच्या बाजूची फट बघत पुढच्या एका पायाखाली लाकडी पाचर सरकवा, २-३ मिमीनेही दार सुटतं. जुन्या कपाटांच्या दारांच्या कडा जिथे नव्याने तासलेल्या दिसतात, ती सगळी न सरकवलेल्या पाचरींची किंमत.

साळसूदरावांनी पायांबद्दल लिहिलं नाही. पाय हा उभ्या खांबाचाच खालचा भाग असतो, वेगळा जोडत नाहीत. आडवा सांधा दिसला तर पाय बदललेला आहे. लाद्या पाण्याने धुण्याच्या घरात हे होतंच, सुतारकाम नीट असेल तर मी त्याला दोष म्हणणार नाही. भाव मात्र करा.

---

पोटमाळा

सगळ्यांचे आभार. बघून आलो. पाठीच्या फळ्या रंध्याच्या, एका मधल्या फळीवर गोल करवतीचे ठसे. दिलीच्या कडेला फिकट पट्टी आहे. मागचे दोन्ही पाय जोडलेले. आडवी नाळी कुठेही नाही. कॉर्निसच्या खुंट्या २ सेंमी. पावतीवर तो '१९वं शतक, मागचे पाय नंतरचे' लिहायला तयार आहे, १,३५०ला. दुलई सोडली, चादरींचे आकडे ७ ते १२.

एकच राहिलं: दर्शनी बाजू कोरडी, पांढुरकी पडलीय. मुंबईच्या कारागिराकडून शिकलेलं फ्रेंच पॉलिश इथे चालेल का?

---

साळसूद_सुतार

घ्या. एक फळी बदललेली, दोन पाय नवे आणि तसं पावतीवर लिहून, ही सरळ वस्तू आहे.

लाखेचं पॉलिश मात्र नको. नाव फ्रेंच असलं तरी खेड्यातल्या अक्रोडावर मेणच असतं. मेणावर लाख धरत नाही, सहा महिन्यांत पापुद्रे येतात, आणि लाख बसवायला जुनं मेण खरवडलं की सोबत तो मधाळ रंगही गेला.

मधमाशीचं मेण १०० ग्रॅम, अस्सल टर्पेंटाईन ३०० मिली. मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा (६२-६४ अंशांना वितळतं), शेगडी बंद करून भांडं दुसऱ्या खोलीत न्या आणि मगच टर्पेंटाईन ओता. त्याची वाफ ३५ अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते. थंड झालं की तुपासारखं घट्ट होतं. आधी टर्पेंटाईनमध्ये जेमतेम भिजवलेल्या फडक्याने मळ पुसा, एक दिवस थांबा. मग मेण अगदी पातळ, धाग्याच्या दिशेने, रात्रभर वाळू द्या, दुसऱ्या दिवशी लोकरीच्या कापडाने घासा. जाड थर दिला तर चिकट राहतो, धूळ धरतो आणि पुढच्या वर्षी तोच खरवडत बसाल. कोरीवकामात दात घासायचा ब्रश, पण मेण लावायला नाही, जास्तीचं काढायला.

दिलीच्या कडेच्या खाचेत मेण भरू नका, ती सरकायला मोकळी हवी. आणि कपाट रेडिएटरपासून मीटरभर दूर. हिवाळ्यात खोलीची आर्द्रता ३० टक्क्यांपर्यंत उतरली की अडकलेली दिली मधोमध तडकते, आवाजच येतो.

---

दुहेरी_टाका

७ ते १२ म्हणजे अर्धा डझन पुरा, छान. फळ्यांवर चादरी थेट ठेवू नका, लाकडातल्या आम्लाने खालच्या घडीवर तपकिरी पट्टा उमटतो. धुतलेलं जुनं सुती धोतर अंथरा आणि वर्षातून दोनदा घड्या बदला, वेगळ्या जागी.